चपलेच्या ठोक्यावरचा टँगो

देवास

ती. वासंतीवन्सं,
सगुणाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. उर्वीकडे जेवण वेळेवर होतं, झोपेचं मात्र विचारू नका. तुमचे गुडघे कसे आहेत?

उर्वीने नवं गाणं केलंय. टँगो म्हणजे परदेशी जोडप्यांचं नाचाचं संगीत, असं मी वाचलं होतं. हिने त्यात ढोलक, माळवी लग्नगीताची चाल आणि कम्प्युटरचे बाजे घातलेत. मी म्हटलं, "अगं, असा टँगो चालेल का?" म्हणाली, "आई, चलेगा नहीं, दौड़ेगा!"

यांना जाऊन अजून वर्ष सरलेलं नाही, म्हणून मी गाणं ऐकायला नको म्हणत होते. काल तिने ऐकवलंच. मध्येच तुमच्या भावाचं अकॉर्डियन आलं, जुन्या टेपवरचं. वाजवताना ते चपलेने ताल धरायचे, तो ठोकाही आहे. सगळं गाणं तिने त्याच ठोक्यावर उभं केलंय. मी दोनदा ऐकलं. रागावू नका.

तेराव्याला तुम्ही त्यांच्या चपला देऊन टाकायला सांगितलं होतं, तेव्हा माझा हात धजला नाही. आपल्या धारच्या घरी त्या अजून दाराशीच आहेत. आता वर्षश्राद्धाला तुम्हीच त्या कुणाला तरी द्या. चालणाऱ्या माणसाला द्या, आणि देण्याआधी पुसून घ्या.

तुमची,
सगुणा