स्कूटरची सूज

गुढियारी, रायपूर
रविवार

आदरणीय श्यामरावदादांना धर्मपालचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघंही इकडे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा आणि वहिनींचं बीपी कसं आहे ते सवडीनं कळवा. खरं तर फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "इकडे पाऊस पडून राहिला" म्हटलं, तर तुम्ही तीनदा "कोण पडलं?" विचारलंत आणि शेवटी घाबरून फोन शेजाऱ्याच्या हाती दिलात, तेव्हा पत्रच बरं. शिवाय सांगायची गोष्ट मोठ्यानं बोलण्यासारखी नाही. आमच्या भिंती पातळ आहेत, आणि गोष्ट जिची आहे ती तुमची बहीण कलावती पलीकडच्या खोलीत मेथी निवडत बसली आहे.

कलावतीची करडी स्कूटर तुम्ही पाहिली आहे. चौदा वर्षांची झाली. हिच्यावरूनच ती रोज बावीस किलोमीटरवरच्या कुर्राडीहच्या उपकेंद्रात नर्सच्या ड्युटीवर जाते. (नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, दोघींचीही.) मी या स्कूटरवर मागे बसतो. लायसन माझ्याकडेही आहे, पण मालधक्क्याच्या रस्त्यावर एका म्हशीबरोबर जे झालं त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघत नाही. मात्र यंत्राची मला जाण नाही असं कोणी म्हणू नये. चौतीस वर्षं रेल्वेत काढली. पार्सल ऑफिसात काढली हे खरं, पण खिडकीसमोरून इंजिनं जायचीच की! आता रिटायर होऊन आठ महिने झाले, पेपर नऊ वाजता वाचून संपतो, आणि मग दोन रिकामे हात घेऊन माणूस घरभर फिरतो. अशात एके दिवशी सकाळी कलावती म्हणाली की गाडीचं अ‍ॅव्हरेज कमी झालं, थोडा धूरही मारून राहिली. ती हे स्कूटरला म्हणाली, मला नाही. पण मी ऐकलं.

तो रविवार होता. कलावती तेलीबांध्याला विहारात महिलांच्या सभेला गेली होती, मैत्रिणीच्या गाडीवर. मी मोबाइलवर एका मिशीवाल्या माणसाचा व्हिडिओ लावला. त्यानं अकरा मिनिटांत कार्बोरेटर काढला, साफ केला आणि परत बसवला, त्यात दोन मिनिटं जाहिरात होती. मला चार तास लागले. मी अंगणात पेपर पसरला, स्वयंपाकघरातून खणांचं स्टीलचं ताट आणलं आणि प्रत्येक भाग शिस्तीत ठेवला: भाताच्या खणात मोठे स्क्रू, भाजीच्या खणात बारके, वाटीत पेट्रोल आणि पेट्रोलमध्ये जे जे काळं दिसलं ते सगळं. तेवढ्यात पावसाची सर आली. मी ताट उचलून आत पळालो आणि उंबऱ्यावर पाय अडकला. मी पडलो नाही, ताटही पडलं नाही, फक्त भात आणि भाजी एक झाली. यापुढची जुळणी मी पूर्णपणे स्वतःच्या बुद्धीनं केली हे नम्रपणे सांगतो. जेट म्हणून पितळेचा एक तुकडा असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, मध्ये भोक इतकं बारीक की उजेडापुढे धरल्याशिवाय दिसत नाही. तो मी कपड्याच्या साबणपावडरीनं धुतला. (मिशीवाल्यानं असं काही सांगितलं नव्हतं. पण आपल्या घरी त्या पावडरीनं सगळंच निघतं.) सगळं बसवून झाल्यावर वाटीत एक काळी रबरी रिंग उरली. मी विचार केला, नव्या शर्टाला जसं एक बटण जास्तीचं लावून देतात तसं कंपनीनं दिलं असेल. ती खिशात टाकली आणि सेल्फ मारला. स्कूटर एकदम ओरडली, मग खोकली, मग गप्प. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मी तिच्यावर कव्हर घातलं, हात त्याच पावडरीनं धुतले आणि सकाळचा पेपर दुसऱ्यांदा वाचायला बसलो.

सोमवारी हरेलीची सुटी होती. (तुम्हाला आठवत असेल, इकडे छत्तीसगडात या सणाला शेतकरी नांगर, कुदळ, सगळी औजारं धुऊन पुजतात.) कलावती सकाळी पेट्रोल भरायला निघाली आणि स्कूटर अंगणाच्या फाटकातच तीनदा मेली. "काहून बंद पडून राहिली हे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दमट हवा आहे. मग मीच पुढाकार घेऊन कोपऱ्यावरच्या तुळशीराम मेकॅनिककडे गेलो. त्यानं आपले सगळे पाने-पेचकस धुऊन पाटावर मांडले होते, प्रत्येकाला टिळा लावला होता, उदबत्ती लावली होती. मला पाहून हात जोडले आणि म्हणाला, "आज औजार ल नइ छुवन, कका." म्हणजे आज औजारांना शिवायचं नाही, काका. पाटावरच्या देवाला स्कूटर खोलायला लावणारा मी कोण? संध्याकाळी तो गावी जाणार होता, आणि उद्या दुपारशिवाय परतणार नव्हता.

आता दादा, ऐका. मंगळवार म्हणजे कलावतीचा लसीकरणाचा दिवस. मोठ्या दवाखान्यातून बर्फातली लसीची पेटी आठ वाजता उचलायची आणि नऊला गावात पोचायचं. बस दहाशिवाय निघत नाही. या दिवसांत बायका धानाची रोपणी सोडून, बाळं घेऊन झाडाखाली बसतात, आणि नर्स वेळेवर आली नाही तर उठून शेतात जातात. त्यातून एक म्हातारी. तिनं आपल्या नातवाला सुई टोचू देणार नाही म्हणून सून आणि बाळ दोघांना आत कोंडलं होतं. कलावती तिच्या ओसरीवर सहा वेळा जाऊन बसली होती. सहाव्या वेळी म्हातारी "येत्या मंगळवारी आणते" म्हणाली. कलावतीनं हे सगळं मला शांतपणे सांगितलं. "मी गेली नाही तं ते म्हणन, पाहा, नर्सबाईलेच गरज नाही," एवढंच शेवटी म्हणाली. माझ्या खिशातली रिंग अचानक फार जड झाली.

मला वाटलं, आता ती रडेल किंवा कोणाला फोन लावेल. ती आत गेली आणि आपली ड्युटीची बॅग घेऊन आली. स्कूटरसमोर पाट टाकून बसली आणि मला विचारू लागली, जसं पेशंटच्या नातेवाइकांना विचारतात. शनिवारी चांगली होती का? रविवारी काय झालं? कोणी काही दिलं का? मी म्हटलं, थोडं साफ केलं. "किती थोडं?" मी आकाशाकडे पाहिलं. तिनं बॅग उघडली. स्टेथोस्कोप काढला, त्याची छातीवर ठेवायची चकती काढून टाकली, नुसती नळी ठेवली, आणि मला रेस धरून गाडी जिवंत ठेवायला सांगितलं. मग ती नळीचं उघडं तोंड इंजिनाच्या भोवती फिरवत गेली, हळूहळू, इंच इंच. पलीकडचे दोन शेजारी भिंतीवरून पाहत होते, मी त्यांच्याकडे बघून हसलो, ते माझ्याकडे बघून हसले नाहीत. कार्बोरेटर आणि इंजिन जिथं जुळतात तिथं ती थांबली. "इथून हवा गळून राहिली." आणि नळ्या माझ्या कानात घातल्या. खरंच दादा, आत कोणीतरी दात खाऊन श्वास ओढावा तसा सूंऽऽ आवाज!

"इथलं काही निघालं होतं काय?" तिनं विचारलं.

एकतीस वर्षांचा संसार आहे. मी खिशात हात घातला आणि रिंग तिच्या तळहातावर ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, रिंगेकडे पाहिलं. खाचेत बसवून बघितली, बसेना. तासन्‌तास पेट्रोलमध्ये पडून ती चांगली गुबगुबीत झाली होती.

"सूज आहे," कलावती म्हणाली. "उतरन."

बस्. एवढंच. ती ओरडली असती तर मी त्या दिवशी दोन घास सुखानं खाल्ले असते.

पावसाळी दिवस, ऊन नाही. म्हणून तिनं रिंग कापसाच्या पट्टीवर ठेवून इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवली, तिथं कायम कोमट असतं. दर अर्ध्या तासानं ती येऊन खाचेशी मापून बघायची आणि परत ठेवायची. मधल्या वेळात तिनं कार्बोरेटर पुन्हा उघडला. जेट उजेडापुढे धरला, तर भोकात माझी साबणपावडर घट्ट बसलेली. मी आपली तत्परता दाखवून इंजेक्शनची सुई पुढे केली. "सुई नाही घालत, भोक मोठं होते," म्हणाली. कोऱ्या सिरिंजमध्ये पेट्रोल भरलं आणि जेटमधून जोरानं सोडलं, एकदा, दोनदा, पाचदा, तेव्हा पलीकडून केसासारखी सरळ धार निघाली. मी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? तर म्हणे, चौदा वर्षं तुळशीरामभैयाच्या दुकानात उभी राहून पाहून राहिली. आता त्याच दुकानात, त्याच बाकावर, मीही तिच्यासोबत कितीदा बसलो आहे. मला तिथलं भिंतीवरचं कॅलेंडर आठवतं, दुसरं काही नाही.

चार वाजता रिंग खाचेत अल्लद बसली. मग हवेचा स्क्रू. तो पूर्ण बंद करायचा आणि मग दीड फेरा उघडायचा, इथपर्यंत माझा मिशीवालाही सांगतो. पण पुढे काय ते फक्त कलावतीला ठाऊक. स्टेथोस्कोप इंजिनाला लावून तिनं डोळे मिटले, पेचकस किंचित इकडे, किंचित तिकडे. आवाज आधी धापा टाकत होता, मग घाईघाईनं बोलू लागला, आणि मग एका जागी स्थिर झाला. मी रेल्वेचा माणूस आहे म्हणून माझ्या भाषेत सांगतो: सिग्नल मिळायची वाट पाहत इंजिन फलाटावर उभं असतं, निघायला तयार पण कसलीही घाई नाही, तसा आवाज. भिंतीवरचे शेजारी आता चार झाले होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "दीदी, हमारी मोटरसाइकिल भी देख दोगी क्या?"

मंगळवारी सकाळी मला म्हणाली, "चला संग. रस्त्यात काही कमी पडलं तं तुमच्याच खिशात असन." मी लसीची पेटी मांडीवर घेऊन मागे बसलो. ओव्हरब्रिजच्या चढावर तिनं मला उतरवलं, पेटीसकट नाही, पेटी समोर ठेवून घेतली. मी चढ पायी चढून गेलो, ती वर उभी होती, इंजिन चालूच. नऊला दहा मिनिटं कमी असताना आम्ही कुर्राडीहला पोचलो. झाडाखालून ओरडा झाला, "दीदी आ गे!" आणि मला पाहून एकजण म्हणाली, "आज भांटो ल घलो लाने हस?" (आज भाऊजींनाही आणलंस? भांटो म्हणजे भाऊजी. मी सगळ्या गावाचा भाऊजी आहे हे मला एकतीस वर्षांनी कळलं.)

म्हातारी दहा वाजता आली. नातवाला पदरात गच्च धरून लांबच उभी. कलावतीनं तिला बोलावलं नाही, बाकीच्या बाळांचं करत राहिली. म्हातारी हळूहळू जवळ सरकली आणि तिनं विचारलं, ताप येईल ना? मला वाटलं, धीर द्यायला कलावती आता नाही म्हणेल. पण ती म्हणाली, "हव दाई, एक दिन बुखार आही. मैं काली फेर आहूं देखे बर." एक दिवस ताप येईल, आणि मी उद्या पुन्हा बघायला येईन. म्हातारीनं स्कूटरकडे पाहिलं, कलावतीकडे पाहिलं, आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. बुधवारी कलावतीची ड्युटी दुसऱ्या गावात होती, तरी ती आधी कुर्राडीहला जाऊन आली. ताप आला होता आणि उतरलाही होता. म्हातारीनं तिला चार काकड्या दिल्या, आम्ही कोशिंबीर केली.

दादा, मी पेटीजवळ बसून ते सगळं पाहिलं. इतकी वर्षं ती सकाळी निघायची, संध्याकाळी यायची, आणि मी विचारायचो, आज भाजी काय? ती मधल्या वेळात काय करते हे मी पाहिलंच नव्हतं. तुमच्या बहिणीबद्दल मला जे वाटतं ते तिच्या तोंडावर बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. वहिनींना जय भीम, तुमच्या नीलेशला आशीर्वाद.

आपला,
धर्मपाल

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पंधरा ऑगस्टच्या सुटीला जोडून कलावती तुमच्याकडे यायचं म्हणते. स्कूटरवर. रायपूर ते नागपूर! तीनशे किलोमीटरला थोडे कमी, आणि मागे मी. म्हणते, गाडी आता इतकी छान चालून राहिली, ट्रेन काहून? माझी कंबर तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मोठे आहात, तुमचं ती ऐकते. कृपा करून तिला रागावून पत्र लिहा. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक आणायला गेलो तेवढ्यात तिनं हे पत्र वाचलं. खाली तिच्या हातचं आहे.

दादा, जय भीम. स्क्रू दीड फेरा नाही, पावणेदोन. रागावू नका, आम्ही दोन दिवसांत आरामात येऊ, राजनांदगावला मुक्काम करू. यांचं मनावर घेऊ नका. काल गोल बाजारातून मागच्या सीटच्या मापाची मऊ उशी घेऊन आले, अन् मले सांगतात सोफ्यासाठी आणली. आमच्या घरी सोफा नाही, हे तुम्हाले माहीतच आहे.
— कलावती