बाबांचं गाणं पहिलं

ती. बाबा,
परळच्या हॉस्पिटलातून ऋताचा वाकून नमस्कार.

तुमचा लेक ध्रुव बरा आहे. काल थोडी पेज प्यायला. डॉक्टर वाईट काही बोलले नाहीत. मी पुन्हा विचारून खात्री केली. आईचा गुडघा कसा आहे?

आज त्याला तुम्हा दोघांच्या आवडत्या त्या जुन्या रॉक बँडची गाणी लावून दिली. तुम्ही दोघं भांडत लावता तसे आवडत्या गाण्यांचे नंबर लावताना मुद्दाम म्हटलं, "बाबांचं ते संथ गाणं पहिलं."

एरवी उसळला असता, "ती झोपेची गोळी? ड्रमवालंच पहिलं!"

आज डोळे मिटूनच म्हणाला, "असू दे. बाबांचंच पहिलं लाव."

बाबा, रजा मिळाली तर या. तुम्ही चिडवलंत तर भांडेल तो.

घाबरू नका.

तुमची
ऋता