मोराच्या नावावर खाल्लेले बिबडे

मंगळवार, २१ एप्रिल. संध्याकाळ.

आज मी मोराच्या नावावर बिबडे खाल्ले. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

अक्कानं, म्हणजे माझ्या आईनं, गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले आणि काठी देऊन मला राखणीला बसवलं. मोर आला. तोच, अर्ध्या पिसाऱ्याचा. त्यानं दोन खाल्ले. माझ्याच्यानं काठी उचलवेना. केळीची लागवड वाढवायची म्हणून बांधावरच्या बोरी मीच जेसीबीनं उपटल्या. तो तिथंच राहायचा. आता उघड्यावर कुत्री मागे लागतात, म्हणून पिसारा अर्धा.

आणि अर्धओला बिबडा समोर असताना मला तरी कुठं धीर निघतो? मी नऊ खाल्ले. की दहा?

अक्का वर आली. मी सरळ पाण्याच्या टाकीवर बसलेल्या त्या अर्ध्या पिसाऱ्याकडे बोट दाखवलं.

"बिचारान्या बोरी तू तोड्यात, तो कोठे जाई? खाऊ दे त्याले."

सुटलो, असं वाटलं. पण उद्या म्हणे राखणीला ती स्वतः बसणार. मोराला हाकलणार नाही म्हणते.

मग काठी कशाला घासून ठेवलीय?