पांघरुणातलं पातेलं

प्रिय ताई,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. आधी बस, चष्मा लाव, आणि सुरू केलंस की शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून ठेवलंस तर पुन्हा उघडणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. फोन दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि तुझ्या त्या एका 'हं'ला मी लहानपणापासून टरकते. शिवाय जे सांगायचंय ते कळल्यावर तू माझ्याशी बोलणं कायमचं टाकशील, ही भीती आहेच. उगाच नाटक करत नाहीये गं. आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणून, भांडायला हक्काचं माणूस म्हणून तूच तेवढी उरलीयस, आणि ते सगळं मी आज पणाला लावतेय. तेव्हा जरा धीराने घे.

कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर बसून लिहितेय. दुपारची जेवणं उरकलीत, भांडी निथळत ठेवलीत, संध्याकाळचे बटाटे चिरायला अजून तासभर अवकाश आहे. तू होतीस तेव्हा वसतिगृहात एकतीस मुलं होती, आता बावन्न आहेत. सगळी तेरा ते सतरा वयाची, सगळी सकाळपासून मैदानावर पळणारी, पोहणारी, उड्या मारणारी. या वयाची भूक तुला काय सांगायची? पोट भरलं म्हणून ही मुलं कधी उठत नाहीत, पातेलं संपलं म्हणून उठतात. भाला फेकणारा एक उंच मुलगा आहे, त्याला सगळे 'खांब' म्हणतात. परवा नऊ पाव संपवून मला विचारतो, 'मावशी, आज जेवायला काय आहे?' आणि लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी एक काटकुळी पोर आहे. ती पाव खिशात दडवून नेते, म्हणून मी तिचं नाव 'खार' ठेवलं. मुलं वाढली आणि खर्चाला मात्र कात्री लागली. व्यवस्थापक माणूस चांगला आहे, पण त्याच्याही हातात काही नाही. 'मावशी, तुम्ही भागवता हो कसंही,' म्हणून तो हात वर करतो, आणि मी भागवते. युक्त्या सगळ्या तुझ्याच. आधी कढत रस्सा वाढायचा, म्हणजे तोंड भाजतं आणि घास सावकाश जातो. ताटं लहान घ्यायची. पहिल्या वाढीला डाव अर्धा, दुसऱ्या वाढीला शिगोशीग, म्हणजे पोरांना वाटतं मावशीचा हात सढळ आहे.

एक युक्ती मात्र माझी स्वतःची, आणि तिचा मला भारी तोरा. भिजवलेला राजमा सकाळी उकळायचा, झाकण घट्ट बसवायचं आणि अख्खं पातेलं जुन्या पांघरुणांत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवून द्यायचं. आतल्या उबेवर तो दुपारपर्यंत आपला आपण शिजतो. गॅस वाचतो, शेगडी भाताला मोकळी राहते, आणि राजमा म्हणजे स्वस्तात पोटभर. मुलं येता-जाता विचारायची, 'मावशी, तुमचं पातेलं उठलं का झोपेतून?' एकदा व्यवस्थापकाने पाहुण्यांना आणून ती पेटी दाखवली होती. मी काय फुगले होते त्या दिवशी!

इतकी वर्षं मी तो राजमा आधी पंधरा मिनिटं खळखळून उकळत आले. का, ते मला माहीत नव्हतं. गॅस हाताशी होता म्हणून उकळत होते, इतकंच. या महिन्यापासून सिलिंडर कमी मिळायला लागले. मंगळवारी सकाळी दोन शेगड्यांवर भात, एकीवर दूध, आणि चौथीची ज्योत बघता बघता पिवळी पडली. मी मनात म्हटलं, पांघरुणात शिजणारच आहे, उगाच कशाला गॅस जाळा? कडेला चार बुडबुडे दिसले तशी पातेलं उतरवलं आणि गुंडाळलं. साडेबाराला उघडलं तेव्हा राजमा वरून छान दिसत होता. चव घेताना एक दाणा दाताखाली कचकन आला, पण बाहेर बावन्न पोरं चमचे वाजवत होती. मी वाढलं. खार तिसऱ्यांदा रांगेत आली. शनिवारी तिची शर्यत होती, म्हणून मी तिला तळाचा घट्ट राजमा घातला आणि वर 'खा गं, नुसती हाडं राहिलीत तुझी' असंही म्हणाले. माझा जीव आहे तिच्यावर.

तीनच्या सुमारास खांब मैदानाच्या कडेला बसला आणि भडाभडा ओकला. मला वाटलं ऊन लागलं. लिंबू-साखरेचं पाणी घेऊन निघाले तर जिन्यात दोघी पोट धरून बसलेल्या. मग मोजायची सोय उरली नाही. न्हाणीघरापुढे रांग, बादल्या कमी पडल्या म्हणून मी माझी पातेली आणून दिली. तेवीस मुलं, ताई. जी पोरं दार आपटल्याशिवाय आत येत नाहीत, ती भिंतीला टेकून नुसती कण्हत होती. खार न्हाणीघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि जागच्या जागी कोसळली. गाडीत मी तिच्या उशाशी बसले. ओठ पांढरे, हात गार. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी लागेना. त्या पाच-सात मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. दवाखान्याच्या दारात लक्षात आलं, नाडी ठीक होती, माझंच बोट थरथरत होतं. तुझा जीव टांगणीला लागला असेल म्हणून सांगून टाकते: खार बरी आहे. बाकीची मुलं त्याच संध्याकाळी सावरली. तिच्या अंगातलं पाणी फार गेलं होतं म्हणून तिला ठेवून घेतलं, उद्या सकाळी सोडणार आहेत.

तिथली डॉक्टर भाचीच्या, तुझ्या लेकीच्या वयाची. काय खाल्लं, कधी खाल्लं, कसं शिजवलं, सगळं विचारत होती. मी पांघरुणाचं सांगितलं, आणि लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही थोडं कौतुकानेच सांगितलं. तिचं पेन थांबलं. 'काकू, आधी खळखळून उकळला नव्हता का?' तिने मला खुर्ची दिली आणि समजावलं. कच्च्या राजम्यात एक विष असतं. चांगला उकळला की ते जातं, पण नुसत्या उबेवर ठेवला तर उलट वाढतं. चार-पाच दाणेसुद्धा पुरतात. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुतेक जण संध्याकाळपर्यंत ठीक होतात. ती पुढेही बोलत होती, पण मला काही ऐकू येईना. दुपारी जेवण, तीनला उलट्या, संध्याकाळी सगळं शांत. हे मी आधी एकदा पाहिलं होतं. तूही पाहिलंयस.

सहा वर्षं झाली, पण तो दिवस तू विसरली नसणार. न्याहारीला उकडलेली अंडी होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तू तडकलेली म्हणून स्वस्तात आणलेली, एकेक वास घेऊन, निवडून. मी त्या दिवशी पांघरुणाची युक्ती पहिल्यांदा करून बघत होते. तेव्हाही सिलिंडर संपत आला होता आणि मी पातेलं नुसतं वाफ धरल्यावर उतरवलं. तू पाठमोरी बसून अंडी सोलत होतीस. 'झालं का तुझं बाळ निजवून?' असं म्हणून हसलीस. दुपारी राजमा वाढला आणि तीनला एकोणीस मुलं आडवी. समितीची तीन माणसं लांब टेबलामागे बसली होती. त्यांनी अंड्यांचं विचारलं, आणि तू म्हणालीस, 'मीच आणली, मीच उकडली.' राजम्याचं कोणी विचारलंच नाही. तू एप्रन काढलास, घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलास. सगळ्यांना वाटलं, थोरल्या बहिणीचा केवढा मोठेपणा. मी तो एप्रन घेतला.

आता पुढचं वाच, कारण हे डॉक्टरने सांगितलेलं नाही. विषाचं मला मंगळवारी कळलं हे खरं. पण सहा वर्षांपूर्वी, त्या अंड्यांच्या दिवशी दुपारी, मीही कोठीघरामागे जाऊन ओकले होते. आणि मी अंडं खाल्लंच नव्हतं, ताई. राजम्याचे दोन चमचे चाखले होते, बाकी दिवसभर नुसता चहा. तू दोन तडकलेली अंडी खाल्ली होतीस आणि तुला काही झालं नाही. राजमा तुला सोसत नाही म्हणून तू त्याला हात लावत नाहीस. ही जुळवाजुळव मी त्या टेबलापुढे, तुझ्या पाठीमागे उभी राहून केली होती. तोंड उघडणार होते, खरंच उघडणार होते. पण त्या महिन्यात यांचं काम सुटलं होतं आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. तुझी मुलगी नोकरीला लागली होती. ताईचं काय, ताई सावरेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. नंतर स्वतःची समजूत घातली की कच्च्या दाण्याने फार तर पोट दुखतं, एवढं होत नाही. कोणाला तरी विचारायला हवं होतं. सहा वर्षांत मी कोणालाही विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती होती. विचारलं असतं, तर मंगळवार आलाच नसता.

मंगळवारपासून मला पातेल्याचं झाकण उचलायची धास्ती वाटते. आज बटाटे इतके उकडले की त्यांचा चिखल झाला. मुलं ताटं घेऊन बसली आणि कोणी घास घेईना. खार सोडून एकावन्न पोरं, एकावन्न भरलेली ताटं. सगळी माझ्याकडे बघत होती. मी उभी राहून त्यांच्यासमोर पहिला घास खाल्ला, मग दुसरा. शेवटी खांबच म्हणाला, 'मावशी, बस झालं, आम्हाला उरू द्या,' आणि सगळी हसली. मी स्वयंपाकघरात येऊन रडले. काल समितीला पत्र लिहून दिलं, मंगळवारचं आणि सहा वर्षांपूर्वीचंही. तुझा काही दोष नव्हता हे त्यात स्वच्छ लिहिलंय. व्यवस्थापकाने वाचलं आणि म्हणाला, 'मावशी, मंगळवारचं ठीक आहे. ते जुनं कशाला उकरताय? कोणी विचारलेलं नाही.' मी म्हटलं, म्हणूनच. सोमवारी बैठक आहे. नोकरी बहुतेक जाईल. त्याचीही भीती वाटते, पण या पत्राच्या मानाने ती काहीच नाही.

आणि हे आजच का लिहितेय, तर काल भाचीचा फोन आला होता. तिला इथलं काही ठाऊक नव्हतं, ती तुझ्याबद्दल सांगत होती. तुमच्या घराजवळच्या शाळेने तुला स्वयंपाकघर सांभाळायला बोलावलंय. तिथली एक शिक्षिका आपल्याच वसतिगृहातली जुनी मुलगी, तुझ्या हातचं खाऊन वाढलेली, तिने तुझं नाव सुचवलं. आणि तू म्हणालीस, 'माझ्या हाताने एकदा एकोणीस मुलं मरता मरता वाचलीत, पुन्हा नको.' भाची म्हणाली, तू घरातसुद्धा अंडं फोडत नाहीस, नातीच्या वाढदिवसाला स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. हे मला कधी बोलली नाहीस गं. शाळेने शनिवारपर्यंत पुन्हा विचार करायला सांगितलंय म्हणे. 'मावशी, तू समजाव ना तिला, तुझं ऐकेल,' असं ती म्हणाली, आणि मी 'दूध उतू जातंय' म्हणून फोन ठेवला. ताई, तुझ्या हातांनी कोणाला कधी काही झालेलं नाही. ते माझे हात होते. माझ्यावर हवी तेवढी रागाव, जन्मभर रागाव, पण आधी शाळेत जाऊन हो म्हणून ये. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. त्यांना पाठव.

तुझीच, तू नाही म्हणालीस तरी,
धाकटी