कपाटातले हातमोजे

दि. १९, शुक्रवार
बॉयलरशेजारची खोली (पाटीवर 'कार्यालय' असं लिहिलं आहे)

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे, तुझीही असावी.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की गेले अकरा दिवस माझ्यावर घोर अन्याय चालला आहे. मला चहा मिळत नाही. ज्या कारखान्यात चौतीस दवाखान्यांचा कचरा दिवसातून आठ वेळा एकशे एकवीस अंशांच्या वाफेत शिजवून निर्धोक करतात, तिथल्या व्यवस्थापकाला कपभर गरम पाणी मिळू नये? सोमवारी बॉयलरवाल्याला दया आली, त्याने करून आणला. त्याला मी चहा म्हणणार नाही. प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना म्हणेन.

दुसरी तक्रार तुझी. फोन केला की भावोजी सांगतात, "ती आंघोळीला गेलीये." अकरा दिवस! ताई, आमची कचऱ्याची गाडीसुद्धा आम्ही एवढी धूत नाही. म्हणून पत्र. पत्राला आंघोळीचं कारण सांगता येत नाही.

तू का रागावलीस ते मला ठाऊक आहे. तुला नोटीस आली ती माझ्या अहवालामुळे. निवृत्तीला पाच महिने उरलेल्या सिस्टर इनचार्जची येत्या सोमवारी चौकशी, आणि तीही सख्ख्या भावाच्या सहीने. भावोजी परवा म्हणाले, "पिशवीवरचा वॉर्ड नंबर वाचताना डोळे मिटता आले नाहीत का रे तुला?" नाही आले. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या आणि प्लास्टिक, सुया पांढऱ्या डब्यात, हे मी या धंद्यात पडलो तेव्हा मला तूच शिकवलंस. तुझ्या नव्या मुलींपैकी कुणीतरी घाईत सुई लाल पिशवीत टाकली. तेवढं मी खोटं लिहिलेलं नाही.

ती सुई काकूंच्या उजव्या तळहातात गेली. काकू म्हणजे आमच्याकडे गाडीतून पिशव्या उतरवतात त्या. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण सगळे काकू म्हणतात म्हणून मीही म्हणतो. घरून थर्मास भरून आणायच्या आणि अकरा वाजता पहिला कप माझ्या टेबलावर ठेवायच्या. दोन वर्षं. मी कधी साखरेची पुडीही नेऊन दिली नाही. माझी समजूत अशी, की व्यवस्थापकाला चहा आपोआप येतो, जसा उन्हाळा येतो.

त्या दिवशी हात साबणाने धुऊन त्या डाव्या हाताने चहा ओतायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, अहो ठेवा ते, दवाखान्यात चला." तर म्हणतात, "जरासं टोचलंय साहेब. पिऊन घ्या, गार होईल."

मी प्यायलो. मग नेलं.

रक्ताची पहिली तपासणी निर्दोष आली. ती येणारच होती, कारण सुईतून एचआयव्हीसारखं काही गेलं असेल तर इतक्यात दिसत नाही. पुढची सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. अठ्ठावीस दिवस गोळ्या. गोळ्यांनी पोटात काही ठरत नाही, म्हणून त्या घरी आहेत. म्हणून चहा नाही.

इथे पत्र थांबवून मी बॉयलर बघून आलो. बॉयलर ठीक आहे.

अपघाताच्या अहवालात एक रकाना असतो: 'सुरक्षा साधने पुरवली होती काय?' मी 'होय' लिहिलं. पुरवली होती, ताई. जाड हातमोजे, चोवीस जोड्या. माझ्या कपाटात. किल्ली माझ्या खिशात. तपासणी पथक येणार असलं की सकाळी वाटायचे, फोटो काढायचे, संध्याकाळी गोळा करून, पुसून, पावडर लावून परत आत. एरवी पंगतीत वाढताना घालतात तसले पातळ. जाड मोजे रोज वापरले तर फाटतील आणि पथकाला फाटके दिसतील, ही अक्कल मालकांची नाही, माझी. मालक नुसते "वा" म्हणाले.

काकू एकदा म्हणाल्या होत्या, "साहेब, पाहुण्यांच्या कपबश्या ठेवाव्यात तसे ठेवलेत की हो मोजे! आम्ही पाहुणे कधी व्हायचं?" मी पोट धरून हसलो. चार जणांना सांगितलं, काकू काय फक्कड बोलतात. किल्ली काही दिली नाही.

तेव्हा सुई तुमच्या वॉर्डातली, पण हातापर्यंतची वाट मी मोकळी करून ठेवली होती. अकरा दिवस फोनवर तुला एवढंच सांगायचं होतं. खरं म्हणजे तू आंघोळीला जात होतीस ते माझ्याही पथ्यावर पडत होतं.

काल दुरुस्त केलेला अहवाल पाठवला. रकान्यात 'नाही', आणि खाली कपाटाची सगळी हकिगत. मालकांनी बोलावलं. "बहिणीला वाचवतोयस?" म्हटलं, "तिला वाचवायचं असतं तर वॉर्ड नंबरच चुकीचा टाकला असता." मी या खुर्चीत राहतो की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. खुर्ची तशीही एका बाजूला कलते.

त्या अहवालाची प्रत सोबत आहे. सोमवारी चौकशीत समोर ठेव. सुईचा दोष त्याने पुसला जाणार नाही, आणि पुसावा असं तूही म्हणणार नाहीस. पण माझ्या वाटणीचा तुझ्या डोक्यावर राहू नये. कपाटाची किल्ली आता पिशव्या उतरवायच्या फलाटावर खिळ्याला टांगली आहे. पहिल्याच दिवशी दोन जोड्या फाटल्या. बरं वाटलं.

काकूंचा थर्मास माझ्या टेबलाखालीच राहिला होता. आत बुरशी धरली होती. रात्री घासला, दोनदा उकळतं पाणी ओतून पाहिलं, सकाळी घरी चहा करून भरला आणि अकरा वाजता त्यांच्या दारात गेलो. पहिला कप त्यांना दिला. अर्धा पोटात ठरला. म्हणाल्या, "साखर जास्त झालीये, साहेब." उद्या कमी घालीन.

आंघोळ उरकली की फोन कर. नाही केलास तरी प्रत दाखवायला विसरू नकोस.

दोन्ही अहवालांखाली ज्याची सही आहे तोच,
तुझा धाकटा भाऊ