नंदाताईचा वरीचा डबा

घाटकोपर (पूर्व),
चैत्र वद्य तृतीया

ती. नंदाताईस,
धाकट्या सुहासिनीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून निम्मा वाकून, बाकीचा मनातून).

तुझ्या नातवाबरोबर, म्हणजे विशालबरोबर, जे आलं त्याची पोच आधी देते. हापूस अडीच डझन (दोन डागी निघाले, ते पहिल्याच दिवशी डाग काढून खाल्ले), कोकमं किलोभर, कुळथाचं पीठ एक पिशवी, फणसपोळ्या नऊ (तू फोनवर दहा म्हणाली होतीस, विशालला विचारलं तर तो खिडकीबाहेर बघायला लागला). यावर आम्हाला पडलेला खर्च असा: विशालची स्टेशनापासून रिक्षा सव्वीस, आमरसासाठी जादा अर्धा लिटर दूध चौतीस, एकूण साठ. साठ रुपयांत चार माणसं दोन दिवस राजासारखी जेवली. देव तुझं भलं करो.

आमच्याकडून तिकडे गेलं ते एवढंच: डबा एक, स्टीलचा, दोन किलोचा, झाकणावर ‘सौ. नंदा’ कोरलेलं. तो पोचला का, हे कळवायला विशालला सवड झालेली दिसत नाही. पोचला असेल तर ताई, तो उघडू नकोस. त्यात वरी आहे. जुनी आहे. किडेसुद्धा झाले असतील. तू दर एकादशीला मठात वरी देतेस, ती डब्यासकट पाठवतेस आणि मग डबा सहा महिने तिकडेच फिरतो, म्हणून मुद्दाम लिहिते. देऊ नकोस, चाळू नकोस, चिमण्यांनाही घालू नकोस. का, ते पुढे येईलच.

फोन का केला नाही म्हणशील. आमची सूनबाई इरावतीही तेच म्हणाली, “आई, फोन फुकट आहे आणि पाकिटाला पाच रुपये पडतात. तुमचं गणित कुठे गेलं?” मी म्हटलं, बाळा, पत्र मध्येच काय-काय करत नाही. शिवाय सोसायटीच्या नोटिशींच्या कोऱ्या पाठी साठल्या होत्या, त्या मार्गी लागतात. (पलीकडे टाकी धुण्याबद्दल छापलंय ते तुझ्यासाठी नाही.)

तुझे गुडघे कसे आहेत? नुसतं ‘बरे’ असं लिहू नकोस. एका दमात किती पायऱ्या चढतेस ते मोजून लिही. मला कारण आहे.

तर इकडची हकीकत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळाने यंदा माझं भाषण ठेवलं, विषय घरातली काटकसर. मी नुसती मॅट्रिक, पण पंचेचाळीस वर्षं संसार चालवलेला, त्यामुळे मुद्द्यांची वाण नव्हती. अडचण एकच. आमच्या डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान उतरतं, इतकं खालून की पोटावरचा रंग दिसतो, आणि ते जाईपर्यंत इथे आरतीसुद्धा ‘जय देव’वर थांबते. तशीच मी विमानांच्या मधून मधून बोलले. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवाव्यात, त्यांत काहीही राहतं. डाळीला दोन शिट्या झाल्या की गॅस बंद करावा आणि कुकर गोधडीत गुंडाळून ठेवावा, डाळ आपली आपण शिजते. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून लादी पुसावी. आणि शेवटचे दोन नियम मी फळ्यावरच लिहिले: दुसऱ्याचा डबा आपल्या घरात राहू देऊ नये, आणि डबा रिकामा परत करू नये. टाळ्या पडल्या. त्या भरात मी नाव न घेता समोरच्या विंगमधल्या किरणताईंना एक टोलाही हाणला. त्या माघात विमानाने काशीला जाऊन आल्या आणि तेव्हापासून चप्पल काढतानासुद्धा ‘फ्लाइटमध्ये’ ‘फ्लाइटमध्ये’ करत असतात. मी म्हटलं, आगगाडीने एक दिवस जास्त गेला असता तर गंगा काही आटली नसती! बायका खूप हसल्या. किरणताईंनी पन्हं अर्धं टाकलं. (अर्धा पेला पन्हं वाया गेलं. पण त्यावर मला कुठल्या तोंडाने बोलता येणार?)

या भाषणाचा कोणा बाईवर परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही. पण मागच्या रांगेत कैरीच्या डाळीसाठी येऊन बसलेले आमचे हे, ते मात्र पुरते पालटले. निवृत्तीनंतरची दहा वर्षं ज्या माणसाने पंखा बंद केला नाही, तो दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या आधी उठून घरातले दिवे मालवत हिंडू लागला. लागले नव्हते तेही लावून बघून मालवले. मी न्हाणीघरात असताना दोनदा अंधार केला. आतून ओरडले तर बाहेरून शांतपणे म्हणतात, “अगं, चाळीस वर्षं अंघोळ करतेस, साबण कुठे असतो ते पाठ झालं नाही का?” तिसऱ्या रात्री फ्रिजचं बटण बंद केलं, कारण रात्री कोणी उघडत नाही. सकाळी दोन लिटर दूध नासलेलं. त्याच्या मी वड्या केल्या, वड्यांना पाऊण किलो साखर गेली, आणि वड्या चांगल्या झाल्या म्हणून ह्यांनी परत फ्रिज बंद करायचं ठरवलं.

मग कुकर. दोन शिट्या झाल्या, ह्यांनी गॅस बंद केला, कुकर गोधडीत गुंडाळला आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर नेऊन निजवला, वर उशीसुद्धा दिली. इरावती त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करत होती. कॉम्प्युटर मांडीवर, कानात ते यंत्र, समोर तिचे साहेब आणि परदेशातली दहा-बारा माणसं. ती बोलता बोलता मागे सरकली आणि गोधडीला टेकली. त्यासरशी शिटी जी कलंडली, ती अशी काही फुसफुसली की पोरगी पलंगावरून खाली आणि हळदीचं पाणी भिंतीवर! भाजली नाही, ही गजाननाची कृपा. तिच्या साहेबांनी विचारलं, तिथे काही दुर्घटना झाली का. इरावती म्हणाली, “नो सर, माझे सासरे सेव्हिंग करतायत.” आणि हे दारातून विचारतात, “डाळ शिजली का गं?”

शिजली होती, ताई. ते मान्य करायला हवं.

देव्हाऱ्यापाशीही त्यांचा हात गेलाच. नंदादीपाऐवजी विजेचा लुकलुकणारा दिवा आणतो म्हणाले. मी सांगितलं, देवाच्या तेलात हात घालाल तर मी तुमच्या चहाच्या साखरेत घालीन. तेवढ्यावर निभावलं. पण रिकाम्या हाताला काही काम हवं, म्हणून शुक्रवारी मी भजनाला गेले असताना ह्यांनी माझ्या भाषणातला शेवटचा भाग हातात घेतला. चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या एकूण एक भांड्यावरची नावं वाचून काढली. आपल्याकडे कोणी काही आहेर दिला की नाव कोरून देतात, त्यामुळे लपायला जागा नाही. अकरा भांडी परक्यांची निघाली! त्यांत एक वाटी अशा घराची, जे सतरा साली बोरिवलीला राहायला गेलं. हे प्रत्येक भांड्यात चमचाभर साखर घालून सोसायटीभर फिरले. त्यावर लोकांना लाज वाटली असेल, संध्याकाळपर्यंत आमची चौदा भांडी परत आली. माझी ती पितळी गाळणी आठवते? जिच्यासाठी मी मोलकरणीवर संशय घेतला होता आणि नंतर देवापुढे नाक घासलं होतं? ती किरणताईंकडे होती. त्यांनी ती पाठवली आणि आत साखर नव्हे, काशीचा गंगाजलाचा गडू ठेवला. मला तो टोला बरोबर लागला.

आणि त्याच फेरीत तुझा डबा. आमच्या या नव्या जागेच्या वास्तुशांतीला तू त्यातून बेसनाचे लाडू पाठवले होतेस, त्याला चौदा वर्षं झाली. वरच्या फळीवर, मागे, पोळपाटाच्या आड तो मी ठेवला होता. ह्यांनी काढला, नाव वाचलं, झाकण उघडलं तर आत वरी भरलेली. म्हणाले, वा, सुहासिनीने भरूनही ठेवलाय! वरी ह्यांना आवडत नाही, त्यामुळे दुःख होण्याचा प्रश्न नव्हता. विशाल त्याच दुपारच्या गाडीने निघत होता. त्याच्या सॅकमध्ये बनियन काढून डबा बसवला (बनियन इकडे आहे, धुऊन ठेवलंय). मी भजनाहून परतले तर हे दारातच उभे, बक्षीस मिळाल्यासारखे. “तुझे दोन्ही नियम एका डब्यात पाळले बघ!” मी मटकन खाली बसले. ह्यांना वाटलं कौतुकाने. मला पाणी आणून दिलं, अर्धा पेला.

चांगलंच झालं म्हणा. तुझी वस्तू तुझ्या घरी गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण तो उकाडा. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, तेही उकाड्यानेच. गजाननाला मी सव्वा रुपयाचे पेढे बोलले होते, काल ते सव्वाशेचे केले, आज पहाटे एकवीस मोदक वाढवले. देवाशी घासाघीस करू नये हे मला कळतं, पण तोही काही लवकर ‘हो’ म्हणत नाही.

चिपळुणात सगळ्यांना आशीर्वाद. विशालची नोकरी होईल, पोरगा गुणी आहे (ती दहावी फणसपोळी मी माफ केली). कळावे, लोभ आहेच, तो खर्च होत नाही.

तुझी,
सुहासिनी

ता. क. ताई, वरीला किडे नाहीत. वरी नवी आहे. वरचा चार बोटं थर बाजूला कर, खाली दुधाची धुतलेली पिशवी आहे, तिला रबर आहे. त्यात चौदा हजार दोनशे साठ रुपये आहेत. मोजून घे, पण दार लावून. सहा वर्षं लागली मला. रद्दी, नारळाच्या करवंट्या, रिक्षाऐवजी पायी, डाळीच्या शिट्या, सगळं त्या पिशवीत आहे. घरात वरी मी एकटीच खाते, म्हणून तिथे ठेवले होते. हे फोनवर कसं सांगणार? तुझा फोन कायम मोठ्या आवाजात, ओटीवर, आणि तुला ऐकू यावं म्हणून मी ओरडले असते तर किरणताईंनी पलीकडून रक्कम दुरुस्त करून सांगितली असती.

ता. क. २. कशासाठी, ते हसणार नसशील तर सांगते. तुला आठवतं, आपण कोकमं वाळत घालत होतो आणि आभाळात इवलंसं विमान गेलं होतं? तू म्हणालीस, सुहास, एकदा त्यात बसू आणि वरून आईला हात करू. आई गेली, पण विमान माझ्या डोक्यावरून रोज जातं गं! लग्न होऊन घाटकोपरात आले तेव्हापासून, पंचेचाळीस वर्षं, मी त्याचं पोट बघतेय. एकदा आतून बघायचंय. काशीला जाऊ, दोघी. जाताना विमानाने, येताना आगगाडीने (पुण्य पदरात पडल्यावर घाई कसली). इरावतीकडून मी दुसऱ्याच्या नावाने दर काढून घेतला, दोघींचं बसतं त्यात. त्या भाषणानंतर मला इथे कोणाला तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून आपण आगगाडीनेच चाललोय असं सगळ्यांना सांगायचं. किरणताईंच्या गंगाजलाची शपथ, तू कोणाला बोलू नकोस. विमानाला जिना असतो म्हणे. म्हणून गुडघे विचारले.

ता. क. ३. टपाल इकडे हे फोडतात, तेव्हा उत्तरात पैशांचं नाव नको. पिशवी सापडली तर ‘वरी छान फुलली’ एवढंच लिही. डबा एकादशीआधीच मठात गेला असेल तर ‘वरी करपली’ असं लिही. मग मी पहिल्यापासून सुरुवात करीन. अडुसष्टावं चालू आहे, चौऱ्याहत्तरीला जमतील. पण तुझ्या गुडघ्यांना तेवढं थांबायला सांग.

ता. क. ४. वाण्याच्या काट्यावर हे पत्र वीस ग्रॅमच्या आत होतं, ते या ता. क. मुळे वर गेलं. जादा तिकीट लावत नाही, त्यामुळे पोस्टमन तुझ्याकडे दुप्पट मागेल. ते त्या पिशवीतून दे आणि किती दिले ते पत्रात लिही. उलट टपाली उत्तर हवं. आणि त्यातच कळव, तुला खिडकी उजवीकडची हवी की डावीकडची. दोघींनाही खिडकी घ्यायची, एकीमागे एक बसू, बोलायचं झालं तर फटीतून बोलू. खिडकीचे वेगळे पैसे घेतात म्हणे.

घेऊ देत.