ओढून नेणारं कुणी नव्हतं

इस्तंबूल

प्रिय कुसुमताई,
धाकटीचा नमस्कार.

सिकंदराबादच्या जनरल बाजारात साडीचा भाव ऐकलास की तू माझा दंड धरून ओढायचीस, "चल गं, नक्को आपल्याला!" कोपरा येण्याआधीच मागून दुकानदाराची हाक यायची, "आपा, आओ ना, नाराज कायकू होते?"

मी बरी आहे. गुडघाही दुखत नाही. आज इथल्या बाजारात एक शाल पाहिली. दुकानदाराने तशीच शाल माझ्यादेखत इथल्या एका बाईला निम्म्या भावात दिली. मी रुसून निघाले, अगदी सावकाश चालले, पण हाक आली नाही. शेवटी परत जाऊन त्याने मागितले तेवढे पैसे दिले. वर कॉन्व्हेंटच्या सवयीने "थँक्यू"सुद्धा म्हटलं!

दोघींची तिकिटं काढली होती आपण. तू हट्टाने मला एकटीला धाडलंस. रुसायलाही सोबत लागते गं.

केमोनंतर जेवण जातं का? तुझी शिल्पा फोनवर नुसतं "ठीक आहे" म्हणते.

सहलीतली रसिका आधी परततेय, तिच्याबरोबर पिशवी पाठवते. साबण शिल्पाला, सुकी अंजिरं तिच्या बबलूला. शाल तुझी, दवाखान्यात गारठा असतो, पांघरून जा. तिचा भाव मी आल्यावरच सांगेन. तोवर नीट राहा. मला तुझी बोलणी खायची आहेत.

तुझी,
त्रिवेणी